जागे असणे ही शिवी कशी झाली?



आम्हा जासईकरांना अमेरिका लांबची वाटत नाही, हे वाचून काही वाचकांना हसू येईल. पण आमच्या गावाशेजारच्या रस्त्याने न्हावा-शेवा बंदराकडे रात्रंदिवस जे ट्रेलर धावतात, त्यांच्यावरचे कितीतरी कंटेनर अमेरिकेच्या वाटेवरचे असतात. २६ मे १९८९ ला हे बंदर सुरू झाले आणि हळूहळू आमच्या घरांच्या चुलीही त्या कंटेनरांवर पेटू लागल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयात शुल्क बसवले. माझा मुलगा एका यार्डात टॅली क्लार्क आहे. त्या महिन्यांत त्याच्याकडे कोळंबीचे गारठलेले कंटेनर कमी आले आणि ओव्हरटाइम गेला. 'टॅरिफ' हा शब्द आमच्या आळीतल्या बायकांच्या तोंडी तेव्हापासून बसला. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त मागितले की त्याही म्हणायच्या, "का रे बाबा, तू पण टॅरिफ लावलास का?"

टॅरिफचा अर्थ आम्हाला खिशाने शिकवला. परंतु त्याच अमेरिकेतून दुसरेही काही शब्द येत आहेत. ते बंदरातून येत नाहीत, पोरांच्या मोबाइलमधून येतात. त्यांचा अर्थ कुणी शिकवत नाही आणि त्यांचा फटका बसला तरी चटकन कळत नाही. आज त्या शब्दांबद्दल लिहायचे आहे.

वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. मी अंगणवाडीतून निवृत्त झाले, तेव्हापासून वाचनाचे काम महिला मंडळाने माझ्याकडे दिले आहे. एका रविवारी वाचन संपले, सरणत्तय झाले, आणि एका बाईने विचारले, "ताई, अमेरिकेतला आरक्षण बंद केला म्हणतात, खरा काय? मग आता आपला पण करतील?" तिच्या मुलाने मोबाइलवर काहीतरी पाहिले होते. मला तेव्हा पुरे उत्तर देता आले नाही. भाचीला घेऊन बसले, वाचले, विचारले. जे हाती लागले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेत आपल्यासारखे आरक्षण नव्हतेच. तिथे होती ती 'सकारात्मक कृती'. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आदेशात हा शब्द आला. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आदेश काढला की सरकारची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी वंश, वर्ण पाहून माणसे नाकारू नयेत आणि डावलल्या गेलेल्यांना संधी मिळावी म्हणून आपणहून पावले उचलावीत. जागा राखून ठेवण्याची पद्धत तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच मोडीत काढली होती. कॉलेजात प्रवेश देताना इतर गोष्टींबरोबर विद्यार्थ्याचा वंशही विचारात घेता येईल, एवढीच मुभा उरली होती. २९ जून २०२३ ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यात तीही गेली. दुसऱ्याच वर्षी एमआयटी या नामवंत संस्थेत पहिल्या वर्षाला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण आधीच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. पुढे २१ जानेवारी २०२५ ला, म्हणजे सत्तेवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा तो ६० वर्षांचा आदेश रद्द केला.

माझे लक्ष वेधले ते या नव्या आदेशाच्या नावाने. 'बेकायदा भेदभाव संपवणे आणि गुणवत्तेवर आधारित संधी पुन्हा आणणे' असे त्याचे नाव आहे. भेदभाव संपवणे हे शब्द कुणाचे? शंभर-दीडशे वर्षे ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, त्यांचे. त्याच शब्दांच्या पाटीखाली त्यांच्याच पदरातले काढून घेतले. आणि 'पुन्हा आणणे' म्हणजे काय? गुणवत्ता आधी होती आणि मध्येच कुणीतरी पळवली, असेच ना? ज्या काळात कृष्णवर्णीयांना कॉलेजच्या दारात उभे करत नव्हते, तो बहुधा गुणवत्तेचा सुवर्णकाळ असावा!

हे काही ट्रम्प यांनी शोधून काढलेले नाही. १९९६ साली कॅलिफोर्निया राज्यात सरकारी नोकऱ्या आणि सरकारी कॉलेजांतील सकारात्मक कृती बंद करण्याचा प्रस्ताव जनतेच्या मतदानाला टाकला गेला. आणणाऱ्यांनी त्याला नाव दिले 'नागरी हक्क' प्रस्ताव. मजकुरात 'सकारात्मक कृती' हे शब्दच नव्हते. 'प्राधान्याची वागणूक' बंद, एवढेच लिहिले होते. नागरी हक्कांना नको कोण म्हणेल? प्रस्ताव मंजूर झाला.

'रंग न पाहणारे संविधान' या शब्दाची तर कहाणीच आहे. १८९२ साली होमर प्लेसी नावाचा माणूस लुइझियाना राज्यात गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात जाणूनबुजून बसला आणि अटक करवून घेतली. (त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचा भीमराव मसूर स्टेशनावर उतरला आणि जात कळताच गाडीवाले त्याला नेईनात, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे.) १८९६ साली प्लेसीचा खटला सर्वोच्च न्यायालयात हरला. सात न्यायाधीश म्हणाले, डबे वेगळे पण सोय सारखी, यात विषमता नाही. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले. ते स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. आपले संविधान रंग पाहत नाही, या आशयाचे त्यांचे विधान पुढे कृष्णवर्णीयांच्या वकिलांनी ढाल म्हणून वापरले. आणि २०२३ साली तेच विधान निकालपत्रात पुन्हा आले, परंतु आता त्यांच्याच मुलांविरुद्ध. त्याच विधानाच्या आधी हार्लन यांनी गोरा वंश या देशात वरचढ आहे आणि राहील, असेही लिहून ठेवले होते. ते मात्र कुणी फारसे सांगत नाही.

आता 'वोक'. हा शब्द आपल्या पोरांच्या मोबाइलवर शिवीसारखा फिरतो. कुणी बाईच्या हक्काचे बोलले, जातीचे बोलले की लगेच खाली लिहितात, आला वोक! भाचीने अर्थ सांगितला तेव्हा मी थक्क झाले. वोक म्हणजे जागा. शाळेतल्या इंग्रजीत तो असा वापरत नाहीत, तो कृष्णवर्णीयांच्या बोलीतला आहे. १९३१ साली अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय पोरांवर बलात्काराचा खोटा आरोप झाला आणि आठ जणांना फाशी सुनावली गेली. जगभर निषेध झाल्यामुळे फाशी टळली, पण त्यांच्या आयुष्याची माती झाली. त्या पोरांवर लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने १९३८ साली एक गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याच्या शेवटी आपल्या माणसांना बजावले की त्या मुलखातून जाताना जपून जा, जागे राहा. म्हणजे हा शब्द आईने लेकराला बाहेर पाठवताना सांगावा तसा होता. जीव वाचवायचा शब्द होता.

तोच शब्द विरोधकांनी उचलला, चेष्टेत घोळवला आणि इतका मळवला की आता मूळ मालकही तो वापरायला कचरतात. २०२२ साली फ्लोरिडा राज्याने शाळांत आणि नोकरीच्या ठिकाणी वंशभेदाबद्दल काय शिकवावे यावर बंधने घालणारा कायदा केला. त्याची प्रसिद्धी 'स्टॉप वोक' या नावानेच केली गेली. त्यातले काही भाग न्यायालयांनी अडवले. ४ मार्च २०२५ ला तिथल्या संसदेपुढे भाषण करताना ट्रम्प यांनी आपला देश यापुढे वोक राहणार नाही, अशी ग्वाही दिली आणि टाळ्या पडल्या.

धम्मभगिनींनो, 'बुद्ध' या शब्दाचा अर्थ काय? जागा झालेला. आपण रोज वंदना करतो ती जागे झालेल्याची. तेव्हा आपल्या मुलाने हसत हसत कुणाला 'वोक' म्हणून हिणवले, तर त्याला रागावू नका. त्याला जवळ बसवून त्या नऊ पोरांची गोष्ट सांगा. मी माझ्या नातवाला सांगितली. तो काही बोलला नाही, परंतु दोन दिवसांनी त्यानेच येऊन विचारले, "आजी, त्या नऊ जणांत सर्वात लहान कोण होता?" तेरा वर्षांचा होता.

आपल्याकडेही हाच खेळ जुना आहे. 'सरकारचे जावई' हा शब्द आमच्या पिढीने किती ऐकला! सासरा इतका श्रीमंत असता तर जावयाच्या घरात दोन वेळची भाकरी तरी असती. १९९० साली मंडल आयोगाच्या वेळी 'मेरिट' हा शब्द रस्त्यावर आला. परंतु त्याहीपूर्वी, संविधानाची शाई वाळते न वाळते तोच, १९५१ साली मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशात जातवार वाटणी देणारा आदेश समतेच्या हक्काविरुद्ध आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. ज्या चंपकम दोराईराजन यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, त्यांनी त्या कॉलेजात प्रवेशासाठी अर्जच केला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये संविधानाची पहिली दुरुस्ती झाली आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना स्पष्ट शब्दांत मिळाला. तेव्हा कायदामंत्री होते परमपूज्य बाबासाहेब. समता हा शब्द आपल्याच विरुद्ध वापरला जाईल, हे त्यांनी पहिल्याच वर्षी पाहिले आणि कागदावर उपाय करून ठेवला.

आणि मेरिटवाल्यांचे २०१९ साली काय झाले? ८ आणि ९ जानेवारी, दोन दिवसांत लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींनी आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती मंजूर केली. उत्पन्नाची मर्यादा ठेवली वर्षाला ८ लाख. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी वगळले. आठ लाखांच्या आत कमावणारा आमचा यार्डातला लोडर त्यात गरीब नाही, कारण तो जातीने दुसऱ्या रकान्यात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी ते वैध ठरवले. त्या दिवसांत 'मेरिट मेले हो' म्हणून रस्त्यावर रडणारे मला तरी दिसले नाही.

माझी भाची अभियांत्रिकीला आहे. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी झाला, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. वर्गातल्या एका मुलीने तिला पहिल्या आठवड्यात विचारले, "तुझी सीट कॅटेगरीची ना?" ती मुलगी स्वतः मॅनेजमेंट कोट्यातली, घरच्यांनी भरलेल्या पैशावर आलेली. भाचीने हसून सांगितले खरे, पण त्या रात्री ती जेवली नाही. पैशाच्या सीटला 'कोटा' म्हणताना कुणाची मान खाली जात नाही, आणि आमच्या सीटला 'कॅटेगरी' म्हटले की पोरीचे जेवण जाते. शब्दाचे वजन हे असे असते. हार्वर्डसारख्या कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची पद्धत होती, तिला तर २०२३ च्या निकालाने हातही लावला नाही.

शब्द बाहेरच्यांचेच वाकडे असतात असेही नाही. आमच्या जासईच्या मातीत एक शब्द रक्ताने लिहिलेला आहे, 'प्रकल्पग्रस्त'. दि. बा. पाटील साहेब इथलेच. सिडकोने मातीमोल भावाने जमिनी घेतल्या, त्याविरुद्ध त्यांनी लोक उभे केले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले. त्यातूनच संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व आले. देशभर त्याचे नाव झाले आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु तो हिशेब सातबाऱ्यावरच्या जमिनीचा. ज्याच्या सातबाऱ्यावर काहीच नाही त्याचे साडेबारा टक्के किती? माझे वडील मिठागरात मजुरी करत. मिठागर गेले तेव्हा त्यांचीही भाकरी गेली. परंतु 'प्रकल्पग्रस्त' म्हटले की डोळ्यासमोर जमीनमालक येतो, मिठागराचा मजूर येत नाही. भूमिहीनांचा, मिठागर कामगारांचा, बलुतेदारांचा प्रश्न वेगळा लढावा लागला. हे मी कुणाला खाली दाखवायला लिहीत नाही. हुतात्म्यांच्या स्मारकावर दर जानेवारीत आमच्या वस्तीतलीही माणसे जातात.

आणि आमचा स्वतःचा शब्द तर त्याहून महाग पडला. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते अवघे अडीच हजारांच्या आसपास. धम्मदीक्षेनंतरच्या १९६१ च्या जनगणनेत ते झाले सुमारे २८ लाख. त्यांतले एक माझे वडील. पाटी-पेन्सिल न धरलेल्या त्या माणसाने गणना करणाऱ्याला तीनदा सांगितले, "बौद्ध लिहा." महाराष्ट्र शासनाने सवलती दिल्या, पण कागदावर आम्हाला 'नवबौद्ध' करून ठेवले. केंद्राचा नियम मात्र अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा असा होता. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. माझा थोरला भाऊ १९८२ साली केंद्राच्या एका खात्यात मुलाखतीला गेला, तेव्हा तिथल्या कारकुनाने सरळ सांगितले की दाखल्यावर हिंदू लिहून आण, मग बोलू. भाऊ घरी आला. वडिलांनी काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो हमालीला लागला. १९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने तो आदेश बदलून बौद्धांचा समावेश केला, तोपर्यंत भावाचे वय निघून गेले होते. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षे एका शब्दासाठी किती घरांनी किंमत मोजली, त्याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही.

बाबासाहेबांची अमेरिकेकडे नजर होती ती उगाच नव्हे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथे जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. हिंदू जगात जिथे जातील तिथे जात नेतील, या अर्थाचे विधान त्या निबंधात आहे. ते आपण बाबासाहेबांचे म्हणून सांगतो, पण त्यांनी ते ज्ञानकोशकार केतकरांचे म्हणून नोंदवले आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी जुलै अखेरीस आपुलकीचे उत्तर दिले. पुढे १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हा शब्द तिथल्याच चळवळीकडून घेतला. चांगले शब्दही त्या समुद्रातून आले आहेत.

केतकरांचे ते विधान एकशे सात वर्षांनी कायद्याच्या दारात गेले. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल शहराच्या कौन्सिलने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. मग कॅलिफोर्निया राज्याच्या दोन्ही सभागृहांनी तसेच विधेयक मंजूर केले. परंतु ७ ऑक्टोबर २०२३ ला राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी ते परत पाठवले. कारण काय दिले? विधेयक अनावश्यक आहे, आधीच्या कायद्यांत हे येतेच. न्यूसम ट्रम्प यांच्या पक्षाचे नव्हेत, उलट त्यांचे कडवे विरोधक. म्हणून मला वाटते, कोण कुठल्या पक्षाचा हे पाहून शब्दावर विश्वास टाकू नये. 'वोक' म्हणून हिणवणारा तरी समोरून येतो. 'अनावश्यक' हा शब्द सभ्य कपड्यांत येतो आणि दार हळूच लावून घेतो.

त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, धम्मदीक्षेच्या तारखेला, १४ ऑक्टोबर २०२३ ला मेरीलँड राज्यात अ‍ॅकोकीक येथे बाबासाहेबांच्या १९ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. राम सुतार यांनी घडवलेला तो पुतळा. त्याचे फोटो आमच्या विहारातल्या प्रत्येक मोबाइलवर आले, आम्ही पेढेही वाटले. न्यूसम यांच्या त्या निर्णयाची बातमी मात्र एकाही मोबाइलवर आली नव्हती. मंडळातल्या बायकांना ती मी या वर्षावासात सांगितली, तेव्हा एकीने विचारले, "ताई, त्या कायद्यात नेमका काय लिहिला होता?" तो मसुदा इंग्रजीत आहे. भाचीला म्हटले, आम्हाला समजेल अशा मराठीत करून दे. सेमिस्टरची परीक्षा झाली की देते म्हणाली.